पार्किन्सन्समध्ये चालण्याचा सराव आणि मेंदूचं उद्दीपन: आधी काय, मग काय

पार्किन्सन्स (कंपवात) झालेल्या माणसाच्या पायांत ताकद असते, तरी पाऊल पुढे पडत नाही. घरच्यांना हे कोडंच वाटतं. जिना नीट चढून येणारा माणूस सपाट जमिनीवर, दाराच्या चौकटीपाशी खिळून का राहतो? कुणी म्हणतं मनाचा खेळ आहे, कुणी म्हणतं आळस आहे. दोन्ही चूक. चालण्याचं काम एरवी मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया या केंद्रांच्या मदतीनं आपोआप होत असतं. तिथलं डोपामिन हे रसायन कमी झालं की हा आपोआपपणा जातो. पावलं आखूड होतात, हात हलायचे थांबतात, वळताना पाय अडकतात.

लक्ष देऊन चालण्याचा दुसरा मार्ग मात्र बराच शाबूत असतो. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते, म्हणून पाय उचलला जातो. सपाट जमिनीवर तशी खूण नसते. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की अडखळणारे रुग्ण सहज पावलं टाकतात, हे ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली नोंदवून ठेवलं आहे. चालण्याच्या प्रशिक्षणाचा बराचसा भाग याच निरीक्षणावर उभा आहे.

मेंदूला बाहेरून वीज किंवा चुंबकीय लहरी देऊन चालणं सुधारतं का, हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक कुटुंब पहिल्याच भेटीत विचारतं. माझं उत्तर असं: उद्दीपन हे सरावाला दिलेलं पाठबळ आहे, सरावाची जागा ते घेऊ शकत नाही. ज्याचा सराव नीट बसलेला नाही त्यानं यंत्राकडे धाव घेऊ नये. म्हणून या लेखात यंत्र शेवटी येतं, आणि तोवरच्या पायऱ्या वगळू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली पायरी: औषधाचं घड्याळ

आठवडाभर एक वही ठेवा. गोळी किती वाजता घेतली, शरीर मोकळं कधी झालं, पुन्हा जड कधी वाटू लागलं आणि पाय कधी गोठले, म्हणजे जमिनीला खिळल्यासारखे अडले, एवढंच लिहायचं. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा असर चालू असतो तो काळ ‘ऑन’ आणि उतरतो तो ‘ऑफ’. पाय गोठणं फक्त ‘ऑफ’मध्ये होत असेल तर पहिला उपाय डॉक्टरांकडे आहे. डोसच्या वेळा आणि प्रमाण बदलून बराच फरक पडू शकतो. औषध पूर्ण चढलेलं असतानाही पाय गोठत असतील तर नुसता डोस वाढवून सहसा भागत नाही. हा फरक वहीतूनच कळतो, म्हणून ती वही न्यूरोलॉजिस्टना दाखवा. स्वतःहून डोस बदलू नका.

गोळी आणि प्रथिनयुक्त जेवण एकत्र घेतल्यास काहींना औषध उशिरा किंवा कमी लागू पडतं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घेणं बरं.

आणखी एक गोष्ट याच आठवड्यात तपासून घ्या. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका आहे. पडण्याचं खापर पार्किन्सन्सच्या चालीवर फुटतं, आणि कारण रक्तदाबात असतं, असं पुष्कळदा होतं. आधी त्याचा बंदोबस्त, मग सराव.

दुसरी पायरी: सुरुवातीचं मोजमाप

मोजल्याशिवाय सुरुवात करू नका. सहा आठवड्यांनी ‘थोडं बरं वाटतंय’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मोकळ्या जागेत १० मीटर अंतर आखा. आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळे सोडा, म्हणजे वेग घेणं आणि थांबणं मोजमापात येणार नाही. नेहमीच्या वेगानं चालायला सांगा, सेकंद आणि पावलं मोजा. समजा १२.५ सेकंदांत २० पावलं पडली. म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर, पावलाची लांबी ५० सेंटीमीटर आणि ठेका मिनिटाला ९६ पावलं. हे तीन आकडे पुढे सतत लागणार आहेत.

दुसरी चाचणी खुर्चीची. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं आणि एकूण वेळ नोंदवायची. तिसरी, जागच्या जागी पूर्ण गोल फिरायला किती पावलं लागतात ती. उजवीकडून वेगळी, डावीकडून वेगळी. दोन्ही बाजूंत बहुधा फरक सापडतो, आणि अडचणीची बाजू कुठली हे ठरतं. या चाचण्यांच्या वेळी कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं असलंच पाहिजे. गेल्या महिन्यात किती वेळा पडलात आणि किती वेळा पडता पडता वाचलात, हेही लिहा. दुसरा आकडा लोक लपवतात. तोच जास्त बोलका असतो.

गोळी घेतल्यावर किती वेळानं चाचणी केली ते टिपून ठेवा. पुढची मोजमापं त्याच अंतरानं करायची, नाहीतर तुलना खोटी ठरते.

तिसरी पायरी: पावलाला खूण द्या

खुणा दोन प्रकारच्या, कानाला मिळणाऱ्या आणि डोळ्याला दिसणाऱ्या.

कानासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगानं टकटक करणारं साधन. मोबाइलवर मोफत अ‍ॅप मिळतात. सुरुवात स्वतःच्याच ठेक्यावर करा. वरच्या उदाहरणात मिनिटाला ९६. प्रत्येक ठोक्याला एक टाच जमिनीवर. ज्यांचे पाय गोठत नाहीत त्यांचा ठेका काही दिवसांनी हळूहळू दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०५ च्या आसपास नेता येतो. ज्यांचे पाय गोठतात त्यांच्या बाबतीत घाई नको. ठेका वाढला की त्यांची पावलं आखूड होतात आणि आखूड पावलांतूनच पाय गोठतो. अशांना स्वतःचा ठेका किंवा त्याहून किंचित संथ ठेका लाभतो. मेट्रोनोमची टकटक नकोशी वाटली तर स्पष्ट ठेक्याचं गाणं चालेल, फक्त त्याचा वेग मोजून घ्या.

डोळ्यासाठी जमिनीवर आडव्या पट्ट्या. फरशीच्या रंगात उठून दिसेल अशी चिकटपट्टी घ्या आणि कडा पूर्ण दाबून बसवा. उचललेली कड म्हणजे अडखळण्याला आमंत्रण. दोन पट्ट्यांतलं अंतर तुमच्या पावलापेक्षा थोडंसं जास्त ठेवा. पाऊल ५० सेंटीमीटरचं असेल तर ५५. एकदम ७० वर उडी मारायची नाही. पट्टीवर पाय द्यायचा नाही, ती ओलांडायची. ज्या दारात पाय अडतात तिथे उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार पट्ट्या लावल्या तर दिवसभर उपयोग होतो. जमिनीवर लाल रेषा टाकणारी लेझरची काठीही मिळते. काहींना ती फार उपयोगी पडते, काहींना अजिबात नाही. आधी वापरून बघा, मगच विकत घ्या.

तिसरी खूण मनातली: ‘मोठं पाऊल, टाच आधी’. ती फुकट आहे आणि कुठेही नेता येते, पण टिकते सगळ्यांत कमी. गप्पा सुरू झाल्या की मनातली सूचना विरते.

खुणांच्या सरावाचा फायदा होतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेस्क्यू’ या युरोपीय अभ्यासात दिसलं. त्यात फिजिओथेरपिस्टनी रुग्णांच्या घरी जाऊन तीन आठवडे असा सराव घेतला होता. सराव थांबल्यावर फायदा ओसरत गेला, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणून ‘कोर्स पूर्ण झाला’ असं इथे म्हणता येत नाही.

चौथी पायरी: पाय गोठला तर, आणि वळताना

पाय चिकटल्यावर माणूस अंग पुढे टाकून जोर लावतो. वजन पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. म्हणून पहिली कृती म्हणजे थांबणं. पूर्ण थांबा. एक श्वास सोडा, ताठ उभे राहा, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या आहेत ना ते पाहा. मग वजन सावकाश एका पायावर, परत दुसऱ्यावर, असं दोन-तीनदा डोला. एका पायावर वजन पूर्ण गेलं की दुसरा मोकळा होतो. तो मोकळा पाय मोठ्या पावलानं पुढे टाका. हा क्रम पाय मोकळे असतानाच, शांत वेळी, रोज घोटायचा. पाय गोठलेला असताना नवीन काही शिकता येत नाही.

सोबतच्या माणसानं हात धरून ओढू नये. दोन पावलं पुढे उभं राहून ‘चला, चला’ असा धोशाही लावू नये, त्यानं पाय आणखी घट्ट बसतात. कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहा आणि शांत आवाजात एकेक सूचना द्या: ‘थांबा. टाचा टेका. डावीकडे झुका. आता उजवा पाय, मोठा.’ एका वेळी एकाच माणसानं बोलायचं. घरातले तिघे तीन बाजूंनी सूचना देऊ लागले की मोकळे पायही अडतात.

वळणं हा पडण्याचा मोठा मार्ग. एका पायावर गरकन वळणं सोडून द्यायचं. जागा असेल तर इंग्रजी ‘यू’सारखं मोठं वळण घ्या, पावलं टाकत. जागा अरुंद असेल तर पायाखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजा: बाराकडून तीनकडे पाऊल, दुसरा पाय शेजारी, मग सहाकडे. मोजमापात जी बाजू कठीण निघाली तिचा सराव दुप्पट करा, पण घाईच्या प्रसंगी सोप्या बाजूनंच वळा.

पाचवी पायरी: ट्रेडमिल

ट्रेडमिलचा पट्टा पाय मागे नेतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला खूण आपोआप मिळते. २०१५ च्या कॉक्रन आढाव्यानुसार (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) ट्रेडमिलच्या सरावानं चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढते. ठेका आणि एकूण चालता येणारं अंतर यांत मात्र तसा फायदा आढळला नाही. पाऊल मोठं करायचं असेल तर ट्रेडमिल चांगली. बाजारातून सामान घेऊन परतण्याइतकं चालायचं असेल तर जमिनीवरचं चालणं हवंच.

शक्य असेल तिथे वरून आधार देणारा हार्नेस लावा. तो नसेल तर दोन्ही बाजूंचे दांडे आणि कपड्याला अडकवलेली आपत्कालीन थांबण्याची चकती या दोन गोष्टींशिवाय पट्ट्यावर पाय ठेवू नये. सुरुवात जमिनीवरच्या नेहमीच्या वेगापेक्षा कमी ठेवा. दांड्यावर बोटं टेकलेली चालतील, पण दांडा आवळून अंगाचा भार हातांवर देऊन चाललात तर पाय काहीच शिकत नाहीत. पाच-सात मिनिटांचे तुकडे, मध्ये विश्रांती, एकूण २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. आधी पाऊल मोठं करा, वेग नंतर. उतरल्या उतरल्या जमिनीवर पाच मिनिटं तशाच मोठ्या पावलांनी चाला. शिकलेलं जमिनीवर उतरवायचं ते याच वेळात. हृदयविकार असेल तर हे सगळं डॉक्टरांची परवानगी घेऊनच.

चालता चालता दुसरं काम करण्याचा सराव, म्हणजे शंभरमधून तीन-तीन वजा करणं किंवा हातात पेला धरून चालणं, आजार सुरुवातीचा असेल आणि तोल चांगला असेल तरच घ्या. वारंवार पडणाऱ्या माणसाला याच्या उलट शिकवायचं: बोलायचं असेल तर थांबा, फोन वाजला तर बसून उचला.

सहावी पायरी: उद्दीपनाचा विचार

वरचा सराव चार-सहा आठवडे नियमित झाला असेल, तर आता यंत्रांकडे वळू. तीन गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून सांगते.

पहिली टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर ओले स्पंज ठेवून दिलेला अगदी सौम्य, सलग वीजप्रवाह. तो साधारण १ ते २ मिलिअँपिअर असतो आणि सुमारे २० मिनिटं देतात. एवढ्या प्रवाहानं मेंदूच्या पेशी स्वतःहून संदेश पाठवू लागत नाहीत, फक्त संदेश पाठवायला थोड्या अधिक तयार होतात. त्या तयारीच्या काळात सराव झाला तर तो जास्त पक्का बसेल, ही त्यामागची कल्पना. म्हणूनच २० मिनिटं खुर्चीत बसून प्रवाह घ्यायचा आणि तसंच घरी जायचं, याला फारसा अर्थ नाही. प्रवाह चालू असताना किंवा संपल्या संपल्या चालायचं. पायांच्या हालचालींचा भाग डोक्याच्या माथ्याजवळ, मध्यरेषेलगत असतो, तिथे एक इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह देणारा स्पंज, ठेवतात. काही ठिकाणी कपाळामागच्या डाव्या भागावरही ठेवतात, कारण लक्ष देऊन चालण्यात त्याचा वाटा मोठा.

पुरावा काय म्हणतो? २०१६ च्या कॉक्रन आढाव्यात पार्किन्सन्ससाठी टीडीसीएसचा ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता. २०१८ साली एका छोट्या प्रयोगात दोन्ही भागांना एकत्र प्रवाह दिल्यावर पाय गोठणं तात्पुरतं कमी झालेलं दिसलं. त्याच पद्धतीचा मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा खोट्या प्रवाहाच्या (यंत्र लावून प्रत्यक्ष उपचार न देण्याच्या) तुलनेत पाय गोठण्यात स्पष्ट फायदा निघाला नाही. म्हणून टीडीसीएस हा प्रायोगिक उपाय आहे असंच समजा. खात्रीशीर फरकाचं आश्वासन देऊन मोठं पॅकेज विकणाऱ्यांपासून लांब राहा.

दुसरी टीएमएस. हे तंत्र शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रथम दाखवलं. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय ठोके दिले जातात आणि त्यांनी पेशी प्रत्यक्ष संदेश पाठवतात. उपचार म्हणून हे ठोके ओळीनं देतात. साधारणपणे सेकंदाला पाच किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी त्या भागाची उत्तेजना वाढते, सेकंदाला एका ठोक्यानं घटते. चालणं आणि हालचाली यांवर याचे परिणाम टीडीसीएसपेक्षा काहीसे आशादायक वाटतात, पण किती ठोके, कुठे आणि किती दिवस यावर एकमत नाही. आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालतात. फिट (आकडी) येण्याचा धोका दुर्मीळ, पण खरा आहे. त्यामुळे हे प्रशिक्षित चमूकडेच करायचं.

तिसरी डीबीएस, म्हणजे शस्त्रक्रिया करून मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड आणि छातीत बसवलेलं यंत्र. ग्रेनोबलमध्ये बेनाबिद आणि पोलाक यांच्या चमूनं १९८७ पासून हे आधुनिक रूपात आणलं. पार्किन्सन्ससाठी हा सिद्ध झालेला उपचार आहे, पण चालण्याबाबत अपेक्षा आधीच नीट समजून घ्या. लेव्होडोपानं तुमची चाल सुधारत असेल तर डीबीएसनंही सुधारण्याची शक्यता चांगली. औषध चढलेलं असतानाही पाय गोठत असतील किंवा तोल जात असेल, तर शस्त्रक्रियेनं ते सहसा सुटत नाही. आधीच डीबीएस झालेलं असेल आणि चाल बिघडत असेल तर यंत्राचं प्रोग्रॅमिंग तपासून घ्या. विजेच्या ठोक्यांचा वेग साधारण १३० हर्ट्झवरून (सेकंदाला १३० ठोके) ६० च्या आसपास आणल्यावर काहींची चाल सुधारते, मात्र कंप वाढू शकतो. हे काम डॉक्टरच करतात.

डीबीएस झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी तसं सांगावं. शॉर्टवेव्ह किंवा अन्य डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी खोलवर दिलेला, शेक शरीराच्या कुठल्याही भागावर घ्यायचा नाही. उष्णता इलेक्ट्रोडमधून मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतं. गुडघेदुखीसाठी सहज म्हणून दिला जाणारा शेकही यात आला.

टीडीसीएस किंवा टीएमएसच्या आधी डॉक्टरांशी या गोष्टींवर बोलणं व्हायला हवं: मला कधी फिट आली आहे का, डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा डीबीएस आहे का, पेसमेकर आहे का, डोक्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, टाळूवर जखम आहे का, आणि मी कोणती औषधं घेतो. यांपैकी काही असेल तर निर्णय न्यूरोलॉजिस्टचा. इंटरनेटवरून यंत्र मागवून किंवा बॅटरीला तारा जोडून घरी प्रयोग कुणीही करू नये.

सातवी पायरी: दोन्ही एकत्र, एका बैठकीत

गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासानं, शरीर मोकळं असताना बैठक ठेवा. केस धुतलेले आणि तेलाविना हवेत. स्पंज मिठाच्या पाण्यात ओले असावेत, पण ओघळणारे नकोत. कोरड्या स्पंजाखाली त्वचा भाजू शकते, आणि ओघळणारं पाणी प्रवाहाची दिशा बिघडवतं. प्रवाह अर्ध्या मिनिटात हळूहळू वाढवतात. सुरुवातीला मुंग्या येणं, खाज किंवा लाली दिसणं नेहमीचं. चटका बसल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा; सहन करायचं नाही.

प्रवाह चालू असताना पहिली पाच मिनिटं बसून किंवा उभं राहून वजन डोलवणं, मग पट्ट्यांवरून किंवा मेट्रोनोमवर चालणं. यंत्र घेऊन चालायचं असेल तर तारा पाठीकडून घेऊन घट्ट बांधाव्यात, आणि सोबत एक माणूस फक्त तोल सांभाळण्यासाठी असावा. टीएमएस असेल तर आधी ठोके, मग लगोलग चालणं. उद्दीपन संपल्यावर आणखी २० मिनिटं वळणं, दारातून जाणं आणि पाय गोठल्यावरचा क्रम घ्या. तुमच्या अडचणीच्या जागा यात आल्याच पाहिजेत. शेवटी एक ओळ वहीत: आज काय केलं, किती वेळा पाय गोठले, डोकं दुखलं का.

टीडीसीएसच्या प्रयोगांत दहाच्या आसपास बैठका दिलेल्या दिसतात. तेवढ्या झाल्या की पुढे रेटत न नेता सुरुवातीच्या तीनही चाचण्या त्याच औषधी वेळेला पुन्हा करा. आकडे सुधारले असतील तर दोन आठवडे उद्दीपन बंद ठेवून फक्त सराव चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. तेव्हाही आकडे टिकले तर सरावच पुरेसा आहे, पैसे आणि फेऱ्या वाचवा. घसरले तर पुन्हा उद्दीपन घ्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुळातच काही सुधारलं नसेल तर त्या यंत्राचा नाद सोडा. औषधांच्या वेळा आणि खुणांचा प्रकार पुन्हा तपासा. मेट्रोनोमनं काही न झालेल्यांना पट्ट्यांनी हात दिलेला मी अनेकदा पाहिला आहे.

मधल्या काळात अचानक वारंवार पडायला झालं, काही दिवसांतच चाल एकदम ढासळली, नवा गोंधळलेपणा किंवा भास सुरू झाले, किंवा एका बाजूची ताकद गेली, तर सराव आणि उद्दीपन दोन्ही थांबवा. पार्किन्सन्स असा एकाएकी वाढत नाही. लघवीचा संसर्ग, औषधांचा घोळ, पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव किंवा पक्षाघात यांपैकी काही असू शकतं. एका बाजूची ताकद गेली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर तडक रुग्णालयात जा; बाकी लक्षणांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.